वासानं अन्न शोधणारी पाखरं

भोर-वेल्ह्याच्या मंडळींना समुद्रपक्ष्यांचं काय, असं तुम्ही म्हणाल. पण ऐन पावसाळ्यात अंटार्क्टिकाकडून एक पाहुणा अरबी समुद्रात येतो, विल्सनचा स्टॉर्म पेट्रेल. वजन जेमतेम ४० ग्रॅम, चोचीवर नळीसारख्या नाकपुड्या.

आपलं गिधाड नजरेनं मढं शोधतं. याला मात्र खाली दिसतं नुसतं पाणी. मग भक्ष्य सापडतं कसं?

गॅब्रिएल नेविट या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी याचा माग काढला. समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पती कोळंबीसारख्या क्रिलनं खाल्ल्या, की त्यांतून डायमिथाइल सल्फाइड नावाचा वायू सुटतो. नेविट यांनी दक्षिण महासागरात हा वास मिसळलेलं खाद्यतेल पाण्यावर सोडलं. दुसरीकडे नुसतं तेल. पेट्रेल जास्त जमले ते वासाच्या तेलावर. १९९५ साली ‘नेचर’मध्ये हे छापून आलं. म्हणजे पाखरू वास घेतं ते गुरांचा नव्हे, चरलेल्या कुरणाचा! हे गुराख्याला लगेच कळेल.

आता गोम अशी, की समुद्रात तरंगणाऱ्या प्लास्टिकवर शेवाळ धरतं आणि त्यालाही तोच वास येतो. सावोका, नेविट आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ते मोजून दाखवलं. या वासामागे जाणाऱ्या जातींच्या पोटात प्लास्टिकही जास्त सापडतं.

आणि आपल्या गुंजवणीचं पाणी नीरेला, नीरेचं भीमेला, भीमेचं कृष्णेला. वरंध घाट उतरला की कोकण, समुद्र इतका जवळ. पण इथल्या ओढ्यात टाकलेली पिशवी कुठल्या बंधाऱ्यात अडकली नाही, तर निघते थेट बंगालच्या उपसागराकडे.