स्वस्त तंबाखूची पारख

चहाची पारख असते, अत्तराची असते. पण चिलमीतल्या स्वस्त तंबाखूचीही पारख असते असे म्हटले, तर शहरातला वाचक हसेल. महाग सिगारेट तेवढी चांगली आणि बीडी-चिलमीतला माल म्हणजे निव्वळ कचरा, अशी पांढरपेशा घरांत समजूत असते. माझे आजोळ दारव्ह्याचे असल्यामुळे मला ती कधी पटली नाही. यवतमाळ जिल्ह्यातले हे तालुक्याचे गाव. मूर्तिजापूरहून यवतमाळला जाणारी 'शकुंतला' नावाची अरुंद रुळांची आगगाडी इथे थांबत असे. आता ती बंद आहे; पण लहानपणी तिच्या डब्यात बसून मी जो धूर गिळला, त्यातला इंजिनाचा किती आणि उतारूंचा किती, हे सांगणे कठीण!

माझे थोरले मामा चिलीम ओढत. चिलीम म्हणजे आपला देशी पाइपच म्हणा ना. मातीची सरळ नळी, वर रुंद, खाली निमुळती; विस्तव तोंडात येऊ नये म्हणून आत एक खडा, आणि खालच्या तोंडाला ओल्या फडक्याची छापी. साहेबी पाइपाची तंबाखू नक्षीदार डबीत येते. मामांची बाजाराच्या दिवशी तागडीत तोलून कागदाच्या पुडीत येई. मात्र पुडी बांधण्यापूर्वी तिची परीक्षा होत असे. चिमूटभर तंबाखू तळहातावर घेऊन मामा मूठ आवळीत. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला, तर वजन वाढवण्यासाठी तिच्यावर पाणी मारलेले आहे हे ठरले. पार भुगा झाला, तर ती वाळून गेलेली. हळूहळू उलगडली, तर पुढची बोलणी. मग एक फुंकर मारून धूळ किती उडते ते बघायचे आणि काड्या वेचून दुकानदाराच्याच गादीवर मांडायच्या. "शेटजी, काड्या चुलीत घालाले घरी लय हायेत. मले पान द्या," असे ते ऐकवीत. शेवटी वास. कुबट वास आला, की पुडी परत.

हे सारे नखरे नव्हेत. देठाशिरांच्या काड्या जळल्या, की धूर घशाला झोंबतो. ओल्या तंबाखूला बुरशी येते आणि ती पुन्हापुन्हा विझते. धूळ तर नळीतून सरळ जिभेवर येते. स्वस्त मालात भेसळीला वाव अधिक, म्हणून गरिबालाच पारख जास्त लागते.

बीडीचे प्रकरण याहून नाजूक. तिच्यात तंबाखूबरोबर पानाचीही परीक्षा होते. हे पान टेंभुर्णीचे. व्यापारात त्याला तेंदूपत्ता म्हणतात आणि ते आमच्या विदर्भाच्या जंगलांचे मोठे उत्पन्न आहे. उन्हाळ्याच्या तोंडाशी झुडपे छाटतात, म्हणजे नवी कोवळी पालवी फुटते. एप्रिल-मेच्या उन्हात बायामाणसे पहाटे उठून ती पाने तोडतात, पुडे बांधतात आणि उन्हात वाळवतात. पाऊस लवकर आला, तर पान काळवंडते. पान जून असले, की त्याच्या शिरा जाड होतात आणि वळताना ते फाटते. चांगले पान पातळ, लवचीक आणि चामड्यासारखे चिवट असते.

पान आमचे, पण तंबाखू दुसरीकडची: गुजरातेतल्या चरोतरची किंवा बेळगावकडच्या निपाणीची. निपाणीच्या शेतात पानावर तांबूस ठिपके उठले, की ते पक्व झाले असे समजतात. या तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून १९८१ साली तिथल्या शेतकऱ्यांनी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली रस्ता अडवला. एप्रिलमध्ये गोळीबार झाला आणि त्यात शेतकऱ्यांचे प्राण गेले. बीडी स्वस्त कशी पडते, याचा एक हिशेब तिथे आहे.

दुसरा हिशेब वळणाऱ्या हातांचा. गोंदिया, सिन्नर, सोलापूर इथल्या हजारो बायका घरी सूप मांडीवर घेऊन बसतात. भिजवलेले पान कात्रीने बेतायचे, चिमूटभर जर्दा पसरायचा, सुरळी करून तोंड दुमडायचे आणि दोरा गुंडाळायचा. मजुरी हजार बीड्यांवर. भरण सैल, वळण वाकडे किंवा पान फाटके दिसले, की ती बीडी छाटीत जाते आणि तिचे पैसे मिळत नाहीत. बीडी व सिगार कामगारांसाठी १९६६ साली कायदा झाला, त्यात या छाटीचाही विचार होता. पण खराब पान कारखानदाराने दिले असेल, तर त्या बाईने काय करावे? गिऱ्हाइकाला 'चांगली वळलेली' बीडी मिळते, तिच्यामागे हा जाच असतो. शिवाय जर्द्याची धूळ दिवसभर तिच्या आणि मांडीशी खेळणाऱ्या पोराच्या नाकात जाते, ती वेगळीच.

आता मामांचा एक लाडका सिद्धान्त सांगतो. माल चोख असला, की बाधत नाही, असे ते म्हणत. इथे मात्र त्यांची पारख फसली. एका बीडीत तंबाखू पाव ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सिगारेटच्या जेमतेम तिसरा हिस्सा. परंतु टेंभुर्णीचे पान कागदासारखे हवा खेळू देत नाही. बीडी विझू नये म्हणून झुरके भराभर आणि जोराने घ्यावे लागतात. त्यामुळे कमी तंबाखूतूनही छातीत जाणारे विष काही कमी होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूचा धूर कर्करोगकारक ठरवला, त्यात बीडीला सूट नाही. चोख तंबाखूचा धूर घशाला झोंबत नाही, एवढेच. आणि झोंबत नाही म्हणूनच तो खोल ओढला जातो. मामांना शेवटची चार वर्षे माळवदाचा जिना चढवत नव्हता. पुडीची परीक्षा तेव्हाही ते अंथरुणावरून करीत.

चिलीम आता दारव्ह्यात फारशी दिसत नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ शंभरात चारही भरले नाहीत, हे वाचून बरे वाटते. पण त्याच पाहणीत तंबाखू खाणारे चोवीसच्या वर निघाले. गुटख्यावर राज्यात २०१२ सालीच बंदी आली. विदर्भाने मात्र खर्रा जवळ केला आहे: सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र करून घोटलेला. मागच्या खेपेस एका पानठेल्यापाशी उभा होतो. विशीतला एक मुलगा खर्रा चिमटीत घेऊन, डोळ्यांजवळ नेऊन, अगदी मामांसारखा न्याहाळीत होता. "चुना जास्त झाला, काका," तो म्हणाला. आणि ठेलेवाल्याने निमूटपणे दुसरा घोटायला घेतला.