आगगाडीने काकांकडे, आणि काकांना घेऊन आत्याकडे

युरोपात रेल्वेने हिंडून आलेलं जोडपं आता आपल्या मंडळात दर दोन घरांआड सापडतं. पॅरिसला चुलतबहीण, झुरिकला भाचा, मधे दोन दिवस व्हेनिस, आणि परत आल्यावर तीनशे फोटो. त्यांचं सगळ्यांना कौतुक वाटतं. पण 'आम्ही न्यू जर्सीहून कॅलिफोर्नियाला आगगाडीने चाललो आहोत' असं सांगितलं की ऐकणारा आधी तब्येतीची चौकशी करतो आणि मग, जरा आवाज उतरवून, नोकरीची. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये आम्ही उभयतां या दोन्ही चौकशांना पुरून उरलो आणि निघालो.

कारण असं की आमचं कुटुंब या देशात रेल्वेच्या नकाशासारखंच पसरलेलं आहे. काका-काकू शिकागोजवळ नेपरव्हिलला, आत्या डेन्व्हरला, मावशी कॅलिफोर्नियात डेव्हिसला. नेपरव्हिल, डेन्व्हर आणि डेव्हिस ही तिन्ही 'कॅलिफोर्निया झेफर' या एकाच गाडीची स्टेशनं आहेत. हा शोध आमच्यापैकी जो इंजिनिअर आहे त्याने लावला. या सगळ्यांच्या अलीकडच्या भेटी म्हणजे लग्नाच्या हॉलमध्ये अर्धा तास, नाहीतर २०२२ च्या अटलांटिक सिटीच्या अधिवेशनात जेवणाच्या रांगेत ताट सावरत झालेली विचारपूस. मुक्कामाला जाणं ही गोष्टच आपण विसरत चाललो आहोत. म्हणून ठरवलं, प्रत्येकाकडे दोन-दोन रात्री राहायचं.

न्यू यॉर्क ते शिकागो 'लेक शोअर लिमिटेड' ही गाडी आहे. अंतर ९५९ मैल, वीसेक तासांचा प्रवास. पहिले दोन-अडीच तास हडसन नदी डाव्या हाताला असते, तेव्हा जागा डावीकडची मिळाली तर सोडू नका. वाटेत पकीप्सी हे स्टेशन लागतं. मराठी माणसाने इथे क्षणभर पुस्तक मिटून बाहेर पाहावं. डॉक्टर आनंदीबाई जोशी १८८७ मध्ये पुण्यात गेल्या, त्यांची रक्षा अमेरिकेत त्यांना आईसारख्या असलेल्या कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आली आणि ती याच गावच्या स्मशानभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत विसावली आहे. आनंदीबाईंच्या पदवीदानाला १८८६ साली हजर राहिलेल्या पंडिता रमाबाई पुढे दोन-अडीच वर्षं या देशात व्याख्यानं देत हिंडल्या, पार सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत गेल्या, आणि १८८९ मध्ये त्यांनी अमेरिकेवर मराठीत पुस्तक लिहिलं. आपल्या आधी सव्वाशेहून अधिक वर्षं एक मराठी बाई रेल्वेने हा देश पालथा घालून गेली होती. आमच्या प्रवासाचं कौतुक तेवढ्यावरूनच बेताचं ठरावं.

ऑल्बनीला इंजिन बदलतं. न्यू यॉर्कच्या बोगद्यांतून डिझेलचा धूर चालत नाही, म्हणून तिथून येणारं इंजिन विजेवर आणि डिझेलवर असं दोन्हींवर चालणारं असतं. पुढच्या प्रवासाला साधं डिझेल लावतात. आमच्यापैकी एकजण हे बघायला फलाटावर उतरला, आणि दुसरी, गाडी सुटली तर काय, या काळजीने दारात उभी राहिली. असो.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

आमचे आजोबा रेल्वेत गार्ड होते. नोकरी जीआयपीत सुरू केली. १९५१ मध्ये तिची मध्य रेल्वे झाली. काका आणि आत्या कर्जतच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढले. काका १९६७ साली इथे आले, १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतरच्या पहिल्या लाटेतले. आज चौऱ्याऐंशीचे आहेत. गेली चार-पाच वर्षं त्यांना विसर पडतो. डॉक्टरांच्या भाषेत त्याला डिमेन्शिया म्हणतात, काकूच्या भाषेत 'ह्यांचं जरा मागेपुढे होतं'. २०१९ मध्ये एका विमानतळावर बूट काढा, पट्टा काढा, हात वर करा, या गडबडीत ते इतके बावरले की तिथेच खाली बसले. त्यानंतर विमान बंद. आत्याला हृदयाच्या दुखण्यामुळे विमानाची मनाई. मोटारीने हजार मैल दोघांनाही झेपणारे नाहीत. म्हणजे एकाच देशात राहून बहीण-भाऊ अकरा वर्षं भेटले नव्हते. दर रविवारी फोन व्हायचा, पण अलीकडे काका फोनवर 'बरं आहे ना?' या पलीकडे जात नसत.

तेव्हा आमच्या सहलीचा मधला टप्पा ठरला: नेपरव्हिलहून काका-काकूंना बरोबर घेऊन डेन्व्हरला जायचं. चुलतभाऊ सुरुवातीला तयार नव्हता. रात्रीच्या गाडीत बाबा उठून कुठे गेले तर? त्याची भीती खरी होती, आणि आमच्याजवळ तिला पुरतं उत्तर नव्हतं. काकूनेच निकाल दिला. 'ते गाडीत जन्मल्यासारखे आहेत, गाडीत हरवायचे नाहीत,' म्हणाली.

इथे थोडी माहिती, कारण ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आहेत त्यांना ती उपयोगी पडेल. पश्चिमेकडच्या लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्यांचे डबे दुमजली असतात. स्लीपरच्या खालच्या मजल्यावर, चालायला त्रास असणाऱ्या प्रवाशांसाठी एक खोली राखीव असते. डब्याच्या पूर्ण रुंदीची, दोन्ही बाजूंना खिडक्या, आतच संडास, जिना चढायला नको. जेवण अटेंडंट खोलीत आणून देतो. डब्यात ही खोली एकच असते, त्यामुळे तिकिटं खूप आधी काढावी लागतात. अकरा महिने आधी बुकिंग उघडतं. आम्ही वरच्या मजल्यावर 'रूमेट'मध्ये होतो. ही म्हणजे साडेतीन फूट बाय साडेसहा फुटांची खोली, समोरासमोर दोन खुर्च्या, रात्री त्यांचीच खालची बर्थ होते. वरच्या बर्थवर कोण, हा प्रश्न लग्नाच्या विसाव्या वर्षीही सुटलेला नसतो असं आमच्या लक्षात आलं. स्लीपरच्या तिकिटात जेवणखाण धरलेलं असतं. शाकाहारी पदार्थ मिळतात, तरी काकूने दशम्या आणि लसणाची चटणी घेतली होतीच.

दुपारी अडीचच्या सुमारास नेपरव्हिल सोडलं. काका खिडकीशी बसले ते बसलेच. संध्याकाळी बर्लिंग्टनला मिसिसिपी ओलांडताना पुलाचा आवाज बदलला तेव्हा त्यांनी मान वर केली, बराच वेळ पाण्याकडे पाहिलं आणि म्हणाले, 'ही उल्हास नव्हे.' ते थट्टा करत होते की नाही, ते आम्हाला अजून ठरवता आलेलं नाही.

रात्री आम्ही दोघं आळीपाळीने खाली जाऊन बघून येत होतो. नेब्रास्कात कुठेतरी गाडी थांबली तेव्हा काका उठून बसले आणि विचारू लागले, 'बँकर लागले का?' कर्जतला घाट चढण्यासाठी गाडीला मागून ढकलायला जी जादा इंजिनं लावतात, ती बँकर. काकू अंधारातूनच म्हणाली, 'लागले. झोपा.' आणि ते सकाळपर्यंत झोपले. त्या रात्री आम्हाला मात्र झोप अशी लागली नाही.

डेन्व्हरला सकाळी सातच्या पुढे पोचलो. आत्या मुलाबरोबर स्टेशनवर आली होती. काकांनी तिला हात जोडून नमस्कार केला, परक्या बाईला करावा तसा. आत्या काही बोलली नाही. 'चला, चहा घेऊ,' म्हणाली आणि त्यांचा हात धरून चालू लागली.

घरी चहा झाला, पोहे झाले. लहानपणी ही भावंडं क्वार्टरच्या पायरीवर बसून घाटातली स्टेशनं ओळीने म्हणायची, हे आम्ही वडिलांकडून ऐकलं होतं. आत्याने कप खाली ठेवला आणि कुणाकडे न बघता सुरू केलं, 'कर्जत, पळसधरी, जांबरुंग, ठाकूरवाडी, मंकी हिल...'

'नागनाथ राहिलं, बेबी,' काका म्हणाले.

बेबी हे आत्याचं माहेरचं नाव. ते घेणारं आता दुसरं कुणी उरलेलं नाही.

पुढचे दोन दिवस सगळंच सुरळीत होतं असं नाही. दुपारी ते तिला पुन्हा 'आपण कुठल्या?' विचारायचे, संध्याकाळी पुन्हा बेबी म्हणायचे. आत्याने दोन्हींना सारखंच उत्तर दिलं. काकू त्या दोन दिवसांत, तिच्या शब्दांत, 'दोन वर्षांची झोप' झोपली. आम्ही भाजी निवडली, भांडी घासली आणि शक्य तितके मधे आलो नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघंच पुढे निघालो. डेन्व्हरनंतर गाडी रॉकीज चढू लागते आणि पन्नास मैलांत सुमारे चार हजार फूट वर जाते. एका मोठ्या वळणावर वाळूने भरलेल्या जुन्या वाघिणी कायमच्या उभ्या करून ठेवल्या आहेत, वाऱ्याने गाडी उलटू नये म्हणून! मग येतो १९२८ साली खुला झालेला मॉफट बोगदा, सव्वासहा मैलांचा. धूर आत येऊ नये म्हणून बोगदा संपेपर्यंत एका डब्यातून दुसऱ्यात जाऊ नका असं सांगतात. पुढे कोलोराडो नदी दोनशेहून अधिक मैल सोबत करते. होड्यांतली मंडळी गाडी दिसली की पाठमोरी होऊन जे दर्शन देतात, त्याचं वर्णन घरोघरी जाणाऱ्या अंकात करता येणार नाही.

या सगळ्या भव्यतेपुढे आमच्या इंजिनिअरचं हिशेब करणं चालूच होतं. मॉफटच्या मार्गावरचा जास्तीत जास्त चढ पन्नासात एक फूट. आपल्या बोरघाटाचा सदतिसात एक! म्हणजे १८६३ साली खुला झालेला आपला घाट रॉकीजमधल्या या मार्गापेक्षा उभा आहे. १९२९ पर्यंत तर घाटात गाडीला मधेच दिशा उलटवावी लागे, त्यासाठी खास रिव्हर्सिंग स्टेशन होतं. पुढे सिएरा नेवाडात डॉनर खिंडीजवळ जुन्या मार्गाचे अवशेष दिसतात. १८६० च्या दशकात हजारो चिनी मजुरांनी तिथला ग्रॅनाइट फोडला. बोरघाटाचं काम १८६१ च्या सुमारास ऐन भरात असताना तिथे चाळीस हजारांवर मजूर राबत होते, आणि पटकीने, तापाने, सुरुंगाने किती मेले त्यांची नावं कुठल्याच पाटीवर नाहीत. एकाच दशकातली ही दोन कामं. चिनी मजुरांची आठवण अमेरिकेत आता तरी काढली जाते.

डेव्हिसला मावशीने पुरणपोळ्यांचा घाट घातला होता, त्याबद्दल स्वतंत्र लेख होईल.

कुणाला असा प्रवास करायचा असेल तर दोन गोष्टी. स्वस्त पडेल म्हणून जाऊ नका. झोपायच्या खोलीचं भाडं विमानापेक्षा बहुधा जास्तच होतं. आणि पोचल्या दिवशी लग्नमुंजीचा मुहूर्त ठेवू नका. या गाड्या बहुतेक अंतर मालगाड्यांच्या कंपन्यांच्या रुळांवरून धावतात. प्रवासी गाडीला आधी वाट द्यावी असा कायदा १९७३ पासून आहे, पण बऱ्याच ठिकाणी रूळ एकेरी आणि मालगाड्या दोन-दोन मैल लांब. मग साइडिंगला कुणी उभं राहायचं ते कायद्यापेक्षा लांबीच ठरवते.

काका-काकूंना परत न्यायला चुलतभाऊ डेन्व्हरला विमानाने गेला आणि त्यांच्याबरोबर झेफरनेच परतला. २०२४ च्या एप्रिलमध्ये आत्या नेपरव्हिलला आली. खालच्या मजल्यावरची तीच खोली चुलतभावाने सहा महिने आधी धरून ठेवली होती. मुक्काम दोन रात्रींचा ठरला होता, ती पाच आठवडे राहिली.