खोलीच्या मापाची ऊब

धडगांव सातपुड्याच्या डोंगरांत वसलेलें. पौषांत सूर्यास्त होतांच येथें गारवा असा उतरतो कीं, आजोबांची आणि बाळंतिणीची खोली उबदार ठेवणें हा चैनीचा नव्हे, प्रकृतीचा प्रश्न होतो. विजेचा हीटर घ्यावयाचा तर तो डोळ्यांच्या अंदाजानें नव्हे, खोली मोजून घ्यावा, असें आम्हांस वाटतें.

स्थूल मान असें : आठ फूट उंचीच्या खोलीस दर चौरस फुटास १० वॅट. बारा फूट लांब व दहा फूट रुंद खोलीस १२०० वॅट. तीच खोली दहा फूट उंच असल्यास १५००. हें मान कडक थंडीच्या मुलुखांतलें आहे. आपल्याकडील बंदिस्त खोलीस याहून कमीही पुरतें.

परंतु एवढ्यानें हिशेब संपत नाहीं. या दहा फूट उंच खोलींतील नुसती हवा दहा अंशांनीं तापविण्यास १००० वॅटच्या हीटरला सुमारें सात मिनिटें पुरतात. मग तो तासन् तास कां लागतो? कारण ऊब भिंतींत मुरते व फटींतून निसटते. हीटर खोली भरीत नसतो, तिची गळती भरून काढीत असतो. म्हणून बाहेरच्या दोन भिंती व मोठी खिडकी असलेल्या खोलीस अधिक वॅट लागतात. चहूंबाजूंस खोल्या असलेल्या माजघरास पुष्कळ कमी. कौलांखालीं तक्तपोशी नसेल, तर आधीं तिची सोय करावी, हीटर मागून घ्यावा.

दुसरी मर्यादा तारेची. १५०० वॅटचा हीटर २३० व्होल्टांवर साडेसहा अँपिअर प्रवाह ओढतो. सहा अँपिअरच्या प्लगास तो झेपत नाहीं. त्यास १६ अँपिअरचा प्लग व जाड तारच हवी. तासास दीड युनिट जळतें, हेंही ध्यानीं असावें.

खर्च वाचविण्यासाठीं कोणी बाजेखालीं निखाऱ्यांची शेगडी ठेवून दारें लावून घेतात. हें सर्वथा वर्ज्य होय. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाहीं, वास नाहीं. निजलेला मनुष्य जागाच होत नाहीं.

पुष्कळ घरांत मोठा हीटर बैठकींत दिसतो व वृद्धांच्या वांट्यास जुनी घोंगडी येते. ज्या खोलींत घरांतील सर्वांत वृद्ध माणूस व सर्वांत लहान मूल निजतें, तीच प्रथम मोजावी. पाहुण्यांची बैठक मागून.