नाव ठेवा, नावं ठेवून घेऊ नका!

कट्ट्यावर स्टार्टअपचा विषय निघाला की सगळ्यात आधी काय ठरतं? नाव! काम काय, पैसे कुठून, गिऱ्हाईक कोण, हे सगळं नंतर. ग्रुपमध्ये एक लॉची, एक बीकॉमचा आणि एक कॉम्प्युटरवाला असला, की भाडेकराराची ऑनलाइन नोंदणी, सरकारी अर्ज, कागदपत्रांची जमवाजमव करून देणारी छोटी कंपनी काढायची आयडिया कधी ना कधी येतेच. मग वहीच्या मागच्या पानावर नावं उतरतात: 'न्यायमित्र', 'सनद', 'अमुक-तमुक लॉ असोसिएट्स'. झकास वाटतात ना? जरा थांबा.

न्यायमित्र म्हणजे एखाद्या प्रकरणात कोर्टाला मदत करायला नेमलेला वकील. सनद म्हणजे वकिलीचा परवाना. आणि 1961 च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टनुसार वकिली करण्याचा हक्क फक्त सनदधारक वकिलांना आहे, तुमच्या प्रायव्हेट लिमिटेडला नाही. कायदेशीर सल्ला देणं हाही वकिलीचाच भाग आहे, हे सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये स्पष्ट केलंय. म्हणजे ही तिन्ही नावं तुम्ही देऊच शकत नाही अशा गोष्टीचं आश्वासन देतात.

समजा, एक काकू हातात कोर्टाची नोटीस घेऊन, तुमची पाटी वाचून आत आल्या. उत्तर द्यायची मुदत चालू आहे. त्यांना वकील हवाय आणि तुम्ही फॉर्म भरणारे. त्यांचे दोन दिवस तुमच्या नावामुळे वाया गेले तर? म्हणून पहिला नियम: जे करता तेच नावात, त्याहून एक इंचही जास्त नाही.

आता नियमांची बाजू. कंपनीचं नाव कॉर्पोरेट मंत्रालयाच्या पोर्टलवर 'स्पाइस प्लस' फॉर्मच्या 'अ' भागात मागायचं. एका वेळी दोन नावं देता येतात. मंजूर झालेलं नाव 20 दिवस राखीव राहतं, त्यामुळे बाकीची कागदपत्रं आधीच तयार ठेवा. नाव आधीच कुणी घेतलेलं असेल तर स्पेलिंग बदलून, एकवचनाचं अनेकवचन करून किंवा शेवटी 'पुणे' जोडून काम भागत नाही. हिंदी किंवा इंग्रजीत पूर्ण भाषांतर केलं तरी ते नाव सारखंच धरलं जातं. 'कोर्ट', 'नॅशनल', 'कमिशन' असे शब्द हवे असतील तर केंद्र सरकारची आधी परवानगी लागते.

नाव मिळालं म्हणजे ब्रँड आपला झाला, असंही नाही हं! ट्रेडमार्क वेगळा. कायदेविषयक सेवा त्यात वर्ग 45 मध्ये येतात. नाव सुचलं की ट्रेडमार्कच्या साइटवर आधी शोधा, ते फुकट आहे. आणि 'भाडेकरार सर्व्हिसेस' असं नुसतं कामाचं वर्णन ट्रेडमार्क म्हणून सहसा टिकत नाही. म्हणजे नाव खरंही हवं आणि वेगळंही. 'दस्तसोबत' किंवा 'कागदवाट' अशा धाटणीचं काहीतरी. त्यातून काम कळतं, पण वकिलीचा आव येत नाही.

शेवटी पाटी. महाराष्ट्रात दुकान छोटं असलं तरी पाटी मराठीत, देवनागरीत लागते आणि मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. त्यामुळे नाव आधी देवनागरीत लिहून बघा. मग रोमनमध्ये. 'ज्ञ' असलेल्या नावाचं स्पेलिंग चार मित्रांना विचारा, चार उत्तरं येतील, आणि गिऱ्हाईक सर्च करताना पाचवंच टाइप करेल!

लॉवाल्यांनो, पुढे सनद घेऊन स्वतःचं ऑफिस थाटलंत, तरी बार कौन्सिलचे नियम आहेतच. जाहिरात करता येत नाही आणि पाटीवर 'अमुक केसेसचे स्पेशालिस्ट' असंही लिहिता येत नाही. तिथे तुमचं नाव कामानेच होणार.

तर आज एक करा. यादीतलं आवडतं नाव घरी आजीला सांगा आणि विचारा, "इथे काय मिळत असेल गं?" तिचं उत्तर आणि तुमचं काम जुळलं, तर पोर्टल उघडा. नाहीतर वहीचं मागचं पान आहेच.