विमानतळाभोंवतालचें आकाश

गेल्या दिवाळींत आमचा नातू अमरावतीहून कामरगांवास आला तो ड्रोन घेऊनच. या इंग्रजी शब्दाचा एक अर्थ नर मधमाशी. यंत्राचा गुंजारव ऐकतां नांव सार्थ वाटलें. सारीं मुलें त्याच्या मागें धांवलीं. नातू म्हणाला, "आजोबा, आतां बेलोऱ्याचीं विमानें वरून टिपणार!" तेव्हां मात्र मीं त्यास जवळ बसविलें.

बेलोऱ्याहून १६ एप्रिल २०२५ पासून मुंबईचें प्रवासी विमान सुरू झालें. विमान सामान्यतः तीन अंशांच्या उतरणीनें खालीं येतें. म्हणजे टेंकण्याच्या स्थळापासून दोन किलोमीटरांवर तें सुमारें १०० मीटरच उंच असतें. मुलांचें हें यंत्रही सहज तितकें चढतें! डिसेंबर २०१८ मध्यें लंडनजवळील गॅटविक येथें ड्रोन दिसल्याच्या वार्तेनें सुमारें १,००० उड्डाणांचा खोळंबा झाला.

आपल्याकडील २०२१ च्या नियमांनीं विमानतळाच्या सीमेपासून ८ ते १२ किलोमीटरांच्या पट्ट्यांत २०० फुटांपर्यंतच मोकळीक ठेविली. त्याहून वर जाण्यास हवाई वाहतूक नियंत्रणाची अनुमति हवी. १२ किलोमीटरांपलीकडे हीच मर्यादा सामान्यतः ४०० फूट. पूर्वीं हें अंतर ४५ किलोमीटर धरीत. तें तसेंच राहतें, तर आमचें कामरगांवही त्या कक्षेंत सांपडतें. विमानतळाच्या अधिक जवळ तर सरकारी नकाशांतील रंग पाहिल्यावांचून यंत्र पेटींतून काढूंच नये.

"मग आमची गच्ची कोणत्या रंगांत?" नातवानें विचारलें, आणि स्वतःच नकाशा उघडून बसला. ड्रोन सध्यां आमच्याच कपाटांत आहे. किल्ली आजीच्या कनवटीस.