लायनरवरचे दव

पानशेतच्या पाण्याकाठी राहायला आल्यापासून डिसेंबरच्या पहाटे एक गोष्ट हटकून पाहतो. अंगणातल्या पत्र्यावर दव साचून थेंब ओघळत असतात आणि चार हातांवर पेटलेल्या बंबाच्या तांब्यावर मात्र टिपूसही नसतो. हवा तीच, हवेतली वाफही तीच; फरक फक्त पृष्ठभाग किती गार आहे याचा. जहाजाच्या इंजिनरूममध्ये उमेद घालवलेल्या माणसाला हे दृश्य निवांतपणे बघता येत नाही. कारण पाच मजली इंजिनाच्या पोटात, दोन हजार अंशांच्या ज्वाळेपासून वीतभर अंतरावर, असेच दव पडते. ते पाण्याचे नसते, गंधकाम्लाचे असते.

आमच्या या खोऱ्यात डिझेल इंजिन म्हटले की खडकीच्या किर्लोस्करांचा शेतावरचा पंप डोळ्यांपुढे येतो. तो मिनिटाला दीड हजार फेऱ्या घेतो. मोठ्या मालवाहू जहाजाचे टू-स्ट्रोक इंजिन घेते ऐंशी-शंभर. त्याच्या सिलिंडरचा व्यास जवळजवळ मीटरभर असतो आणि पिस्टन अडीच मीटर वर-खाली जातो. पिस्टन ज्या नळकांड्यात घासतो ते लायनर बिडाचे असते. इंधन म्हणजे शुद्धीकरण कारखान्यात सगळे चांगले काढून घेतल्यावर तळाशी उरलेला डांबरासारखा गाळ. तापवून पातळ केल्याशिवाय तो पंपातून पुढे सरकत नाही. 2019 संपेपर्यंत या इंधनात साडेतीन टक्के गंधक चालत असे. आपल्या रस्त्यावरच्या डिझेलला 1 एप्रिल 2020 पासून दहा लाख भागांत दहा भागांची मर्यादा आहे. म्हणजे जहाजाला त्याच्या साडेतीन हजारपट मोकळीक होती.

गंधक जळले की त्याचा सल्फर डायऑक्साइड होतो. तो धुराड्यातून बाहेर पडून जगाला त्रास देतो, इंजिनाला फारसा नाही. इंजिनाचा वैरी त्याच्या पुढची पायरी. ऑक्सिजनचा आणखी एक अणू चिकटला की ट्रायऑक्साइड होतो आणि वाफेशी भेट झाली की त्याचे गंधकाम्ल. हा शेवटचा अणू चिकटणे म्हणजे विरजण लागण्यासारखे आहे. कढत दुधात विरजण मरते, गार दुधात ते लागायला दिवस जातो. कोमटपणा हवा आणि वेळही हवा. ज्वाळेच्या उष्णतेत ट्रायऑक्साइड टिकत नाही, फार थंड वायूत तो तयार होण्याची क्रिया गोठते. पिस्टन खाली जाताना वायू प्रसरण पावून निवतो तेव्हा मधला पट्टा लागतो. शेतावरच्या इंजिनात हा पट्टा डोळ्याची पापणी लवण्याआधी सरतो. शंभर फेऱ्यांच्या इंजिनात एका फेरीलाच 0.6 सेकंद लागतात. रसायनशास्त्राच्या हिशेबात ही चैन आहे.

तरी फार थोडा गंधक तिथवर पोचतो, साधारण काही टक्के. डेन्मार्कच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत रास्मुस कॉर्ट्झ, येस्पर श्राम आणि सहकाऱ्यांनी मोठ्या टू-स्ट्रोक इंजिनासाठी याचे गणिती मॉडेल बांधले, त्यातूनही उत्तर याच मापाचे आले. ‘काही टक्के’ ऐकायला किरकोळ वाटते, म्हणून एक हिशेब मांडतो. जहाज दिवसाला शंभर टन इंधन जाळते आणि त्यात साडेतीन टक्के गंधक आहे असे धरा. गंधक झाला साडेतीन टन. त्यातला तीन टक्के पुढे गेला तर 105 किलो, आणि त्याचे गंधकाम्ल होते सुमारे 320 किलो. रोज.

यावर उतारा म्हणजे सिलिंडर ऑइल. लायनरवर थेंबाथेंबाने सोडायच्या या तेलात चुनखडीचे अतिसूक्ष्म कण मिसळलेले असतात. आम्ल आले की कण स्वतः खर्ची पडून ते मारतात. तेलाची ही ताकद बेस नंबर, म्हणजे बीएन, या आकड्याने सांगतात. माझ्या उमेदीत 70 बीएनचे तेल सर्रास वापरात होते. शंभर टन इंधनावर इंजिन साधारण साडेचोवीस मेगावॉट शक्ती देते. दर किलोवॉट-तासाला एक ग्रॅम तेल दिले तर दिवसाला 590 किलोच्या आसपास तेल लागते. तेवढे तेल आम्ल मारणार किती? जास्तीत जास्त 36 किलो. तयार झालेले 320, औषध 36 किलोपुरते. तरी इंजिने वर्षानुवर्षे चालतात, कारण बहुतेक आम्ल वाफेच्या रूपातच धुराबरोबर निघून जाते. लायनरवर नेमके किती बसते, हाच खरा प्रश्न. तो आकडा ना डोळ्यांना दिसतो, ना चालू सिलिंडरमध्ये हात घालून मोजता येतो.

म्हणून मॉडेल. आमच्या बाजूला हा शब्द नवा नाही. खाली खडकवासल्याला 1916 साली सुरू झालेले केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. तिथे धरणांच्या, बंदरांच्या छोट्या प्रतिकृती करून त्यांत पाणी खेळवतात. पाणी नियमाने लहान करता येते. ज्वलन करता येत नाही. इंजिन लहान केले की फेऱ्या वाढतात, विरजणाची वेळ आटते आणि आम्लाचा सगळा हिशेब बदलतो. प्रयोगासाठी बांधलेली मोठी इंजिनेही आहेत. कोपनहेगनमध्ये पन्नास सेंटिमीटर व्यासाच्या चार सिलिंडरचे एक आहे. पण प्रत्येक शंका फेडायला टनावारी इंधन जाळणे कोणालाच परवडत नाही. मग सिलिंडरमधल्या वायूचे कागदावर भाग पाडतात: आधी जळलेला, आत्ता जळणारा, अजून नुसती हवा असलेला. प्रत्येक भागाचे तापमान वेगळे धरून क्षणाक्षणाला रसायनाची समीकरणे सोडवतात. भिंतीकडे उष्णता किती जाते याला वोश्नी यांचे 1967 मधले सूत्र अजून कामी येते. शेवटी विचारतात, या दाबाला आम्लाचा दवबिंदू किती आणि लायनर त्याच्या खाली आहे का?

दाबाचे महत्त्व इथे. कुकरमध्ये पाणी शंभरऐवजी एकशेवीस अंशांना उकळते, हे घरोघर माहीत आहे. उलट बाजूने वाचले तर दाबाखाली वाफ जास्त तापमानालाच पाणी होते. सिलिंडरमध्ये दाब हवेच्या दीडशेपट किंवा त्याहून अधिक असतो. तिथे हाताला चटका देणारी दीडशे-दोनशे अंशांची भिंतसुद्धा आम्लाच्या दृष्टीने गारठलेली असते. खलाशी याला कोल्ड कोरोजन म्हणतात. गार गंज, नाव मोठे समर्पक आहे.

2008 च्या मंदीनंतर वाहतुकीचे दर कोसळले आणि इंधन वाचवायला जहाजे संथ चालवू लागले. संथ चालले की ज्वलनाची आच कमी आणि लायनर आणखी गार. मी तेव्हा एका कंटेनर जहाजावर सेकंड इंजिनिअर होतो. किनाऱ्यावरच्या कचेरीतून आदेश आला: शक्ती निम्म्यावर आली आहे, तेव्हा सिलिंडर ऑइलचे ग्रॅमही कमी करा. मला तो पटला आणि मीच पंप जुळवले. इंधन कमी तर गंधक कमी, गंधक कमी तर आम्ल कमी, असे माझे सरळ त्रैराशिक होते. लायनरचे तापमान त्यात कुठेच नव्हते.

दोन महिन्यांनी चौथ्या सिलिंडरची मापे घेतली तेव्हा झीज नेहमीच्या कितीतरी पट निघाली, तीही सारखी नव्हे. तेलाची तोंडे होती तिथे लायनर शाबूत. दोन तोंडांच्या मध्ये, जिथे पोचेपर्यंत चुना संपलेला, तिथे खड्डे. वरून पाहिले तर पाकळ्या उमटल्यासारखे. लायनर बदलायच्या आधीच, हिंदी महासागरात रात्री अडीचला, झिजलेल्या रिंगांच्या फटीतून ज्वाळा खाली उतरली आणि पिस्टनखालच्या हवेच्या पेटीतले तेलकट काजळ पेटले. इंजिन थांबवून, ते सिलिंडर तोडून, आग कोंडून विझवायला पहाट झाली. आमच्या दापोलीकडच्या मोटरमनच्या तळहाताची कातडी पेटीच्या झाकणाला चिकटली. तो घरी गेला तो पुन्हा जहाजावर आला नाही. 12 जुलै 1961 ला धरण फुटलेल्या या गावात भिंतीच्या आत काय चालले आहे हा प्रश्न कोणी हलक्याने घेत नाही. मी घेतला होता.

मग भरपूर तेल ओतावे, 100 बीएनचे वापरावे? धंद्याने काही काळ तेच केले. पण आम्ल न भेटलेला चुना पिस्टनच्या माथ्याच्या कडेला खडा होऊन बसतो आणि लायनर घासून आरशासारखे गुळगुळीत करतो. गुळगुळीत बिडावर तेल ठरत नाही. रिंग कोरडी घासते आणि तासाभरात लायनर चिरफाळते. बिडातल्या ग्राफाइटच्या बारीक रेघा उघड्या राहिल्या तरच तेलाला धरायला जागा असते, आणि त्या उघड्या ठेवते कोण? थोडासा गंज. इतकी वर्षे ज्याला शत्रू समजत होतो तो चिमूटभर लागतो, हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला दापोलीकडचा तो माणूस आठवला आणि राग आला.

1 जानेवारी 2020 पासून जगभर इंधनातल्या गंधकाची मर्यादा अर्ध्या टक्क्यावर आली. धूर धुणारी यंत्रणा बसवलेल्या जहाजांना तेवढी सूट आहे. मघाचाच हिशेब तीन टक्क्यांनी पुन्हा केला तर 320 किलोंचे 46 होतात. तेलही 40 बीएनचे आले. तरी मॉडेलची गरज संपली नाही, कारण चिमूटभर म्हणजे किती, हे दर इंजिनाला, दर वेगाला, दर इंधनाला निराळे असते. गणितातले कच्चे दुवेही तिथेच आहेत: तेलाच्या पातळ थरात आम्लाचा थेंब आणि चुन्याचा कण एकमेकांना किती लवकर गाठतात, आणि रिंग त्यांना किती ढवळते.

म्हणून जहाजावर अजून पिस्टनखालचे निथळलेले तेल बाटलीत धरतात. त्यात लोह किती आणि बीएन किती उरला, एवढेच पाहायचे. लोह वाढले नि बीएन संपला तर तेल वाढवा. दोन्ही भरपूर निघाले तर झीज आम्लाची नाही, कारण दुसरीकडे शोधा. माझा भाचा सध्या अशाच एका जहाजावर थर्ड इंजिनिअर आहे. दर सोमवारी तो सहा सिलिंडरचे बारा आकडे मला व्हॉट्सॲपवर पाठवतो. या सोमवारी चौथ्याचे लोह थोडे वर होते. मी त्याला लायनरचे तापमान विचारले आहे.