अर्थसंकल्पात गावाचा शब्द



अर्थसंकल्प म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे मुंबईचे नाही तर दिल्लीचे सभागृह उभे राहते. मंत्री आकडे वाचतात, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात काय स्वस्त झाले आणि काय महाग झाले याची यादी येते, आणि आपण म्हणतो, "चला, एवढ्यावर भागले!" पण गरिबी दूर करण्यासाठी जो पैसा खर्च होतो तो येतो कोठून? तो कोणत्या कामावर लावायचा हे ठरवते कोण? आणि त्यात वडिवळ्याच्या शेतकऱ्याला, कातकरी वाडीवरच्या मजुराला, शाळेतल्या गुरुजींना काही बोलता येते की नाही? आज याच गोष्टी आपण पाहू.

वडिवळे हे नाणे मावळातले गाव. पावसाळ्यात इथे पाण्याला खळ नसतो. भाताची लावणी, बेणणी, कापणी, झोडणी, तोवर हाताला काम असते. खळे उठले की मात्र पौष-माघापासून मृगापर्यंतचा काळ लांबच लांब वाटू लागतो. धरणे तर मावळात ठायी ठायी आहेत. पवना, वलवण, शिरवता, खुद्द वडिवळे. तरीपण "धरण उशाला आणि कोरड घशाला" ही म्हण डोंगराकडेच्या वाडीवर कोणाला समजावून सांगावी लागत नाही. ज्याच्याजवळ जमीन थोडी किंवा मुळीच नाही, त्याचे पोट या चार-पाच महिन्यांत कशावर भरायचे? गरिबीचा प्रश्न म्हणतात तो गावात असा दिसतो.

या प्रश्नाला महाराष्ट्राने जे उत्तर शोधले ते पुढे देशभर गेले. त्याची हकिकत ऐकण्यासारखी आहे. वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापती होते. ते सांगली जिल्ह्यातले. 1965 साली तासगाव तालुक्यातील विसापूर येथे त्यांच्या पुढाकाराने एक प्रयोग झाला. ज्याला काम हवे त्याला ते गावाजवळच द्यायचे, आणि तेही गावाच्या उपयोगाचे द्यायचे, अशी कल्पना. बांधबंदिस्ती, विहिरी, पाझर तलाव, रस्ते. मजुराला मजुरी मिळाली, आणि गावाच्या हाती कायमची काही वस्तू राहिली.

त्याच सुमारास पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ हे दोन अर्थशास्त्रज्ञ देशातल्या दारिद्र्याचा हिशेब मांडीत होते. 1971 साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. 1960-61 च्या किमतींनी खेड्यात दरडोई महिना 15 रुपयेही खर्चायला नसलेली माणसे शंभरात सुमारे चाळीस होती, असे त्यांनी दाखवले. अशांना सरकारने सार्वजनिक कामांवर रोजगार द्यावा, असा त्यांचा आग्रह होता.

मग 1972 चा दुष्काळ आला. जुनी माणसे त्याची आठवण अजून सांगतात; खडी फोडलेली, सुकडी खाल्लेली. 1973 च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर जवळजवळ 50 लाख माणसे होती. कामे वेळेवर निघावीत, मजुरी पुरी मिळावी, यासाठी शेतमजुरांच्या आणि स्त्रियांच्या संघटनांनी मोर्चे काढले. अखेर 1977 साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा मंजूर केला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. एका कार्यकर्त्याचा प्रयोग, दोन अभ्यासकांचे आकडे आणि लाखो मजुरांची मागणी, ही तिन्ही एकत्र आली तेव्हा धोरण बनले.

आता पैशाकडे वळू. नुसता कायदा केला म्हणून चूल पेटत नाही. या योजनेसाठी शासनाने 1975 साली व्यवसाय कर बसवला. विक्रीकर, मोटार कर, बागायत जमीन यांवरही जादा आकारणी ठेवली, आणि या करांतून जेवढी रक्कम जमेल तेवढीच शासनाने आपल्याकडून घालायची असे ठरले. शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्या पगारपत्रकात दरमहा 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300 रुपये व्यवसाय कर म्हणून कापले जातात ना, त्या कपातीचे मूळ हे आहे. नोकरदाराने खेड्यातल्या मजुरासाठी काही द्यावे, असा तो विचार होता. पुढे 2005 साली केंद्राने सगळ्या देशासाठी कायदा केला. कुटुंबाला वर्षाला 100 दिवसांची हमी, मागणीपासून 15 दिवसांत काम, नाही मिळाले तर बेकारी भत्ता. 2025 च्या डिसेंबरात संसदेने त्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला आणि हमी 125 दिवसांची केली.

इथे एक मेख आहे, ती नीट ध्यानात घ्या. अर्थसंकल्पात रक्कम धरली म्हणजे ती वाडीवर पोचली असे होत नाही. हमीचे सारे गाडे मागणीवर चालते. समजा, एखाद्या वाडीवरच्या 40 माणसांना माघ महिन्यात प्रत्येकी 20 दिवस काम हवे आहे. म्हणजे 800 दिवसांचे काम झाले. पण ही मागणी कोणी कागदावर लिहून दिली नाही, तारखेची पोच घेतली नाही, तर सरकारी दप्तरात त्या वाडीची गरज शून्य! भत्त्याचा हक्कही मग कशाच्या आधारावर सांगणार? तोंडी मागितलेले काम वाऱ्यावर जाते.

दुसरे, काम कोणते काढायचे हे. इथे ग्रामसभेचा अधिकार येतो. मतदारयादीत ज्याचे नाव, तो ग्रामसभेचा सभासद. मग तो जमीनदार असो की भूमिहीन. एकूण मतदारांच्या शेकडा 15 किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसे जमली की गणपूर्ती होते. ग्रामसभेच्या आधी स्त्रियांची वेगळी सभा घ्यावी असा नियम आहे, कारण भरल्या सभेत पाण्याचा हंडा वाहणारी बाई बोलतेच असे नाही. 2015 पासून वित्त आयोगाचा निधी मोठ्या प्रमाणावर थेट ग्रामपंचायतींकडे येऊ लागला आणि "आमचं गाव, आमचा विकास" या नावाने गावाने आपला आराखडा आपणच करावा असे ठरले. आता सभाच भरली नाही, किंवा चार माणसांनी आराखडा लिहून बाकीच्यांच्या सह्या घेतल्या, तर कमान आधी होते आणि वाडीची वाट राहून जाते.

तिसरी गोष्ट हिशेब तपासण्याची. राजस्थानात 1994 पासून मजूर किसान शक्ती संघटनेने जनसुनावण्या भरवल्या. हजेरीपट गावासमोर मोठ्याने वाचले. कामावर कधी न गेलेल्यांची नावे त्यात निघाली. माहितीच्या अधिकाराची मागणी त्यातून जोर धरू लागली. गुजरातेत 'दिशा' या संस्थेने राज्याचा अर्थसंकल्प आदिवासींच्या बाजूने तपासला, तेव्हा न खर्चलेल्या रकमा तर सापडल्याच, बेरजेच्या चुकाही सापडल्या. ब्राझीलमधील पोर्तो आलेग्रे शहरात 1989 पासून नागरिक सभा भरवून खर्चाचा क्रम ठरवू लागले, आणि आपल्या पुणे महापालिकेने 2006 साली नागरिकांकडून अर्थसंकल्पासाठी कामे मागवायला सुरुवात केली. शहरवासी हे करू शकतात, तर गावाला काय अवघड आहे?

"पण साहेब, आकडे आम्हाला कळत नाहीत," असे कोणी म्हणेल. यासाठीच शिक्षकांची गरज आहे. ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात दोन बाजू असतात, जमा आणि खर्च. सातवीच्या मुलाला वजाबाकी येते. गेल्या वर्षी अमुक कामासाठी किती धरले, प्रत्यक्षात किती खर्चले, उरले किती, एवढे तीन रकाने फळ्यावर लिहा. पंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले शेकडा 15 मागासवर्गीयांसाठी आणि शेकडा 10 महिला व बालकल्याणासाठी खर्च करायचे असतात. ते झाले का, हे चौथ्या रकान्यात मांडा. यात कोणावर आरोप नाही. घरचा हिशेब आपण जसा पाहतो तसाच हा गावचा पाहायचा.

तेव्हा पुढची ग्रामसभा केव्हा आहे याची नोटीस वाचा, आणि वाडीवर जाऊन सांगा, कारण नोटीस चावडीवर लागते आणि वाडी तिथून दूर असते. कामाची मागणी लिहून द्या व पोच जपून ठेवा. आपण सुचवलेले काम ठरावात आले का, हे सभा उठण्याआधी वाचून घ्या. भाताचे खळे उठण्यापूर्वी एवढे झाले, तर माघातल्या मजुरीची सोय कार्तिकातच लागेल.